पगाराची तारीख : चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींची वाटचाल

तुमसरहून कटंगीच्या रस्त्याने निघालं की मिटेवानीपर्यंत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतात. गोबरवाहीच्या पुढे जमीन उंचसखल होते, झाडी दाटते आणि मधूनच काळ्या-तपकिरी मुरमाचे मोठमोठे ढिगारे दिसू लागतात. चिखला, सीतासावंगी आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीज खाणींतून शंभराहून अधिक वर्षं जे उपसलं गेलं, त्यातलं हे उरलेलं. कामाचं खनिज इंग्लंड-अमेरिकेच्या पोलादभट्ट्यांपासून भिलाईपर्यंत गेलं.

या खाणी चालवणारी मॉयल, म्हणजे पूर्वीची मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, २२ जून १९६२ रोजी स्थापन झाली. आता तिने साठी ओलांडली आहे. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे उत्पादनाचे आकडे, नव्या यंत्रांची नोंद आणि पुरस्कारांची यादी असा शिरस्ता आहे. ते सगळं कंपनीच्या वार्षिक अहवालांत सापडतं. आम्हाला इथे वेगळी गोष्ट नोंदवायची आहे. या खाणींमुळे तुमसर तालुक्यातल्या घरांचं काय झालं? कोणतं घर वर आलं, कोणतं जागीच राहिलं आणि कोणतं एकदा वर येऊन पुन्हा खाली गेलं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट वारंवार समोर आली. ज्या काळात मँगनीजला सोन्याचा भाव होता, त्या काळात इथली घरं वर आली नाहीत. ज्या काळात पगाराची तारीख पक्की झाली, त्या काळात ती वर आली.

खाणी येण्यापूर्वीचा तुमसर परगणा मालगुजारीचा होता. गावाची वसुली मालगुजाराकडे, तलाव आणि बोड्या त्याच्या देखरेखीखाली, आणि गावातला भूमिहीन माणूस त्याच्याकडे किंवा एखाद्या मोठ्या कास्तकाराकडे सालाने बांधलेला. मजुरी धानात मिळायची. रोवण्याच्या आधी घरात खायला नसलं की सवाई-दिढीने धान आणायचं, कापणीनंतर ते वाढीव मापाने परत करायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच दारात उभं राहायचं. एका पिढीचं देणं दुसरीच्या डोक्यावर येत असे. पाऊस चुकला तर त्यातही मोड. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. त्यात धानावर जगणाऱ्या जिल्ह्यांचे हाल विशेष झाले.

याच १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश मंडळी इथल्या डोंगरांत खनिज शोधायला उतरली. १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात मँगनीज काढायला सुरुवात झाली आणि पाठोपाठ भंडारा आणि बालाघाटचे पट्टे उघडले. दुष्काळाने मोडलेली गावं आणि मजूर हवे असलेली कंपनी एकाच वेळी समोरासमोर आली. खाणीला माणूस स्वस्तात मिळाला, यात नवल नाही. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस ली फर्मर यांनी या पट्ट्याचा बारकाईने अभ्यास केला. भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केला. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आज ते नाव छापलेलं आहे. ज्यांच्या नावावरून ते पडलं, त्या गोंड कुटुंबांच्या वाट्याला त्या खडकातून काय आलं, याचा विचार पुढे करूच.

रशिया-जपान युद्ध आणि १९०५ चा रशियातला उठाव यांमुळे कॉकेशसमधलं मँगनीज बाजारात येईनासं झालं. जगाने भारताकडे मोर्चा वळवला. १९०७ मध्ये देशाचं उत्पादन सुमारे ९ लाख टनांवर गेलं आणि मध्य प्रांताच्या खाणींत दिवसरात्र गजबज झाली. गोंड, महार, ढिवर, तेली, कुणबी, पोवार असे आसपासचे लोक तर आलेच, छत्तीसगडातूनही टोळ्या आल्या. त्यांना इथे बिलासपुरी म्हणत. खाणीच्या कॅम्पांत मराठी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी या सगळ्या बोली एकाच पाणवठ्यावर ऐकू येऊ लागल्या.

मग या तेजीत घरं वर का आली नाहीत? कारण मजुरी कामावर होती, माणसाला धरून नव्हती. पुरुष पहार आणि घणाने खडक फोडणार, बाई टोपलीने वाहून आणणार आणि बसून खनिज निवडणार, पोरं बारीक तुकडे वेचणार. सगळ्या घराने मिळून रचलेला ढीग मापला जायचा आणि मापावर पैसे मिळायचे. माप घेणारा मुकादम, पैसे देणारा ठेकेदार, आणि दोघांच्या मधे उचल. जास्त हात म्हणजे जास्त पैसे, त्यामुळे पोराला शाळेत पाठवणं म्हणजे घरातला एक हात कमी करणं. भाव चढला तेव्हा घरात दोन पैसे जास्त आले, पण ते पुढच्या महिन्यात येतील याची हमी नव्हती. हमी नसलेल्या पैशाने पोट भरतं, लग्न होतं, देणं फिटतं. दहा वर्षांनी फळ देणारी शाळा मात्र त्यावर उभी राहत नाही.

आणि मंदी आली तेव्हा ती पूर्ण आली. १९२९ मध्ये देशाचं मँगनीज उत्पादन जवळजवळ १० लाख टन होतं, ते १९३२ मध्ये त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरलं. अमेरिका आणि युरोपातल्या भट्ट्या थंड झाल्या आणि इथे खाणीच्या तोंडाशी झुडपं उगवली. मजूर परत मालगुजाराच्या दारात गेले. तीस वर्षांची खाणकमाई दोन-तीन वर्षांत नाहीशी झाली, कारण ती कुठे साठलेलीच नव्हती. ना जमीन, ना घर, ना शिक्षण. आर्थिक चढउताराचा कुटुंबावर काय परिणाम होतो हे पुस्तकात शोधणाऱ्यांनी ही तीन वर्षं जरूर पाहावीत. तेजीचा फायदा घरात झिरपायला पिढी लागते, मंदीचा तोटा मात्र एका हंगामात पोहोचतो.

१९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर सुरू झालं. मध्य प्रांतातलं मँगनीज जवळच्या समुद्रापर्यंत नेणं हा त्यामागचा एक मोठा उद्देश होता. रेल्वेमार्ग आधीच तयार झाला होता, त्यामुळे मुंबईपर्यंतचा लांब प्रवास टळला. देव्हाडीच्या तुमसर रोड स्टेशनला फुटणारा तिरोडीचा फाटा हीच या पट्ट्याची धमनी होती. आजही तुमसर टाऊन, मिटेवानी, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग ही त्या फाट्यावरची स्टेशनं आहेत. दुसऱ्या महायुद्धात मागणी पुन्हा वाढली. त्याच काळात ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरच्या रस्त्यावर गोळीबार झाला आणि गावातली माणसं हुतात्मा झाली. ही स्मृती तुमसरकरांनी आजवर जपली आहे.

मजुराच्या घरासाठी मात्र निर्णायक गोष्ट वेगळ्या दालनात घडत होती. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या काळात मजूर कायद्यांना दिशा मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा किमान वेतन कायदा, १९५२ चा खाण कायदा आणि त्याच वर्षीचा भविष्यनिर्वाह निधी कायदा आला. त्याआधी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होताच. त्यात एक साधं कलम होतं : हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जास्त असतील तर १० तारखेच्या आत पगार हातात पडला पाहिजे. आधी कारखाने आणि रेल्वेला लागू असलेला हा कायदा पुढे खाणींनाही लागू झाला. आमच्या मते तुमसर तालुक्याच्या सामाजिक इतिहासात या एका कलमाचं वजन कित्येक मोठ्या घोषणांपेक्षा जास्त आहे. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. ते हरले, पण खाणीच्या कॅम्पांतून त्यांच्या सभेला गेलेल्यांच्या घरांत पुढे काय घडलं, हे खालच्या परिच्छेदांत येईल.

कायदा कागदावर आला तरी खाणीत पोहोचायला वेळ लागला. मधे आणखी एक तेजी आली. सोव्हिएत रशियाने अमेरिकेला मँगनीज देणं थांबवलं, कोरियाचं युद्ध पेटलं आणि १९५३ मध्ये भारताचं उत्पादन सुमारे १९ लाख टनांच्या विक्रमावर गेलं. लहान-मोठे ठेकेदार डोंगरोडोंगरी खड्डे खणू लागले. तुमसरच्या बाजारात तेव्हा पैसा खेळला. पण तोही जुन्याच पद्धतीचा पैसा होता, ढिगाच्या मापावरचा. पुढे ब्राझीलच्या खाणी चालू झाल्या, १९६२ मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात मोआंडाची प्रचंड खाण उघडली, आणि भारतीय मँगनीजचा निर्यातीतला तोरा कायमचा उतरला. ठेकेदार गेले, खड्डे राहिले.

मॉयलची स्थापना त्याच १९६२ सालची. ५१ टक्के भाग भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा, उरलेले ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचे. १९७७ मध्ये तोही हिस्सा सरकारने घेतला आणि खाणी पूर्णपणे सार्वजनिक मालकीच्या झाल्या. निर्यातीचा सुवर्णकाळ सरला होता. जगाच्या बाजारात हे काही वैभवाचे दिवस नव्हते. तरीही इथली घरं खऱ्या अर्थाने वर आली ती याच काळात, साधारण १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत.

काय बदललं ते नीट सांगायला हवं. हजेरीपटावर नाव आलं. नावापुढे कायम असा शब्द आला. भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ लागला, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी आली, १९७६ मध्ये लोह आणि मँगनीज खाणकामगारांसाठी स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या, दवाखाना, घरबांधणीची मदत मिळू लागली. चिखला आणि डोंगरीला क्वार्टर उभी राहिली. पगार फार मोठा नव्हता. पण तो ठरल्या दिवशी यायचा, पाऊस पडो न पडो.

त्या ठरल्या दिवसाने घराचा सगळा हिशेब बदलला. तुमसरचा किराणा दुकानदार पूर्वी खाणमजुराला उधारी देताना हात आखडता घ्यायचा. आता तोच वहीत नाव लिहून महिनाभराचा किराणा देऊ लागला. रोवण्याच्या दिवसांत मजुराच्या भावाने बियाण्यासाठी सवाईचं धान आणण्याची गरज राहिली नाही, कारण खाणीतल्या भावाच्या पगारातून पऱ्ह्यांचा आणि रोवणाऱ्या बायांचा खर्च भागू लागला. कामगारांच्या पतसंस्थांतून कर्ज मिळू लागलं आणि त्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जाऊ लागला. सावकाराला हमी लागायची, इथे पगारच हमी झाला. आणि सगळ्यात मोठा बदल असा की पोराचे दोन हात कमी पडले तरी घर चालू लागलं. चौथीत शाळा सोडणारा मुलगा आता दहावीपर्यंत टिकू लागला. मुलगी सातवीपर्यंत, मग दहावीपर्यंत, मग तुमसरच्या महाविद्यालयापर्यंत. एस. एन. मोर महाविद्यालयाच्या वर्गांत खाणकामगारांची मुलं शेतकऱ्यांच्या मुलांच्या शेजारी बसू लागली.

हा पगार सगळ्या घरांत सारखा होता, पण त्याचं जे झालं ते सारखं नव्हतं. ज्या कुणबी, पोवार किंवा तेली घरांत आधीच चार-पाच एकर धानाची जमीन होती, त्यांनी पगार जमिनीत घातला. बांधी सपाट केली, विहीर खणली, पुढे मोटरपंप, मग शेजारची दोन एकर, मग ट्रॅक्टर. या घरांतून काही राईस मिलच्या धंद्यात गेली, काही तालुक्याच्या राजकारणात. जमीन आणि पगार एकत्र आले की घर वेगाने वर चढतं. हे भंडाऱ्याची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना आणि गडेगावचा मोटार कारखाना यांच्या आसपासच्या गावांतही दिसतं.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्यात बौद्ध कुटुंबांची वाटचाल सर्वांत लक्षणीय आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर या घरांनी गावकीची जुनी कामं टाकली. ती टाकल्यावर पोटाला आधार हवा होता, तो खाणीने दिला. जमीन घ्यायला पुरेल इतका पैसा नव्हता, आणि असला तरी गावात त्यांना जमीन विकायला कोणी सहज तयार नव्हतं. म्हणून या घरांनी पगार शाळेत घातला. बाप खाणीत, मुलगा रेल्वेत, पोस्टात, आयुध निर्माणीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि नातू नागपूरला अभियंता किंवा नात वैद्यकीय महाविद्यालयात. ही तीन पिढ्यांची चढण चिखल्याच्या आणि डोंगरीच्या वस्त्यांत दारोदारी ऐकायला मिळते. राखीव जागांचा वाटा त्यात मोठा आहे, पण राखीव जागेच्या अर्जापर्यंत पोहोचण्यासाठी बारावी पास व्हावं लागतं. बारावीपर्यंतची वर्षं ठरल्या तारखेच्या पगाराने पार पाडली.

गोंड कुटुंबांची गोष्ट मात्र आम्ही अभिमानाने सांगू शकत नाही. ज्या टेकड्या खोदल्या गेल्या त्यांच्या पायथ्याशी ती राहत होती. खाणीचं काम हंगामी राहिलं तिथे ती अधिक होती. मोहफूल, तेंदूपत्ता आणि पावसाळी शेती यांच्या वेळापत्रकात तिन्ही पाळ्यांची हजेरी बसत नव्हती, आणि गैरहजेरी झाली की हजेरीपटावरचं नाव जाई. काही घरांनी नेटाने तग धरला, त्यांची मुलं शिकली, वनखात्यात आणि पोलिसांत गेली. पण एकूण पाहता ज्यांच्या डोंगरातून खनिज निघालं, त्यांच्यापर्यंत कायमची नोकरी सगळ्यांत कमी पोहोचली. खाणीच्या इतिहासात हे ठळक अक्षरांत असायला हवं.

बायकांबद्दलही स्पष्ट लिहिलं पाहिजे. जुन्या खाणीत बाई निम्मं काम करायची. खनिज निवडणं, वाहणं, रचणं हे तिचंच. जमिनीखाली उतरायला कायद्याने तिला बंदी होती. त्यामागे तिच्या सुरक्षिततेचा हेतू होता, पण खुल्या खाणीत यंत्रं आली, चाळण्या आणि धुण्याचे प्लांट आले, तेव्हा निवडणाऱ्या बाईचं काम यंत्राकडे गेलं आणि भूमिगत काम तिला बंद होतं. म्हणजे पगाराची तारीख पक्की होत गेली तसतशी ती नवऱ्याच्या नावावर पक्की झाली. कित्येक बाया घरी बसून बिड्या वळू लागल्या. तुमसर-मोहाडीच्या घराघरात ते काम चालायचं. हजारी दर, त्यात छाट निघालेल्या बिड्यांची कपात, पान आणि जर्दा कमी पडला तर पदरमोड. एकाच घरात नवऱ्याचा पगार तारखेला आणि बायकोची मजुरी सट्टेदाराच्या मर्जीवर, अशी दोन अर्थव्यवस्थांची चूल पेटत होती. तिच्या हातचे पैसे बहुतेक वेळा मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि दवापाण्याला गेले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने महिलांना ठराविक अटींवर भूमिगत खाणीत दिवसा काम करण्याची परवानगी दिली. उशीर फार झाला, तरी दार उघडलं हे चांगलं झालं.

तारीख चुकली तर काय होतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. वैनगंगेच्या काठी माडगीजवळ मानेकनगरला फेरो मँगनीजचा मोठा कारखाना होता. इथलंच खनिज वितळवून तिथे पोलादासाठी लागणारा मिश्रधातू बनायचा. तुमसर शहराला त्या कारखान्याने एक तरतरी दिली होती. नगरात भाड्याच्या खोल्या, हॉटेलं, सायकलची दुकानं वाढली. फेरो मँगनीजला वीज लागते ती अफाट, आणि विजेचा खर्च झेपेनासा झाल्यावर भट्ट्या थंडावल्या. कारखाना बंद पडला आणि वर्षानुवर्षं बंदच राहिला. त्यातला कामगार खाणकामगारापेक्षा कमी कुशल नव्हता, उलट तंत्र त्याला जास्त येत होतं. पण त्याच्या मुलाची दहावी-बारावीची वर्षं नेमकी बंदीच्या काळात आली. कोणी नागपूरला बुटीबोरी-हिंगण्याकडे गेलं, कोणी गावाला परतून धानाच्या बांधीत उतरलं, कोणी भाजीची गाडी लावली. घर एकदा खाली आलं की पुन्हा वर जायला पुढची पिढी लागते, आणि त्या पिढीची सुरुवात आधीच्या पिढीपेक्षा खालच्या पायरीवरून होते. शेजारच्या चिखल्याचं घर आणि मानेकनगरचं घर यांत हुशारीचा, कष्टाचा, संस्कारांचा फरक नव्हता. पगार चालू राहणं आणि थांबणं, एवढाच फरक होता. गरीब माणूस आपल्या दोषामुळे गरीब राहतो असं मानणाऱ्यांनी ही दोन गावं पाहून यावीत.

१९९१ नंतर देशाचा सूर बदलला आणि खाणीचाही. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातून ड्राय सेलच्या बॅटऱ्यांसाठी लागणारं डायऑक्साइड मिळतं. त्यासाठी इथेच इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा प्लांट उभा राहिला. चिखल्याच्या भूमिगत खाणीत यंत्रसामग्री सुधारली. २०१० च्या डिसेंबरात मॉयलचे शेअर बाजारात आले, काही शेअर कामगारांसाठी राखून ठेवले होते. त्याच सुमारास कंपनीचं नावच मॉयल लिमिटेड झालं. सीतासावंगीला डी.ए.व्ही. मॉयलची इंग्रजी शाळा आहे, आणि खाणकामगाराचा नातू तिथे शिकतो.

जुनी चढउताराची जोखीम मात्र गेलेली नाही. २०१५-१६ मध्ये जगात पोलाद स्वस्त झालं, मँगनीजचे भाव कोसळले आणि कंपनीचा नफा आधीच्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आला. १९३२ ला असं झालं तेव्हा खाणी ओस पडल्या होत्या. २०१६ ला कायम कामगाराचा पगार तारखेला झाला. सार्वजनिक मालकी, गंगाजळी आणि कायदे यांनी मधे भिंत उभी केली होती. २०२३-२४ मध्ये तर मॉयलने साडेसतरा लाख टनांच्या पुढे, म्हणजे स्थापनेपासून तोवरचं सर्वाधिक उत्पादन काढलं. हे कायम कामगारांची संख्या सहा हजारांच्या आत असताना.

या शेवटच्या वाक्यातच आजचा प्रश्न आहे. उत्पादन वाढतं आहे आणि कायम नोकऱ्या कमी होत आहेत. मधली जागा कंत्राटी कामगार भरतो. खाणीतून माल उचलणारा, डंपर चालवणारा, साफसफाई करणारा, पहारा देणारा तरुण याच गावांतला आहे, पुष्कळदा निवृत्त कायम कामगाराचाच पुतण्या किंवा भाचा. त्याची मजुरी किमान वेतनाला धरून असते, पण कंत्राट बदललं की नोकरी नव्याने सुरू होते, भविष्यनिर्वाह निधीचं खातं नव्याने जोडावं लागतं, आणि पुढच्या वर्षी काम असेल का हे कोणी सांगत नाही. एका भावाचं घर बँकेच्या कर्जाने पक्कं झालेलं आणि दुसऱ्याला मोटारसायकलसाठीसुद्धा जामीन शोधावा लागतो, असं चित्र एकाच गल्लीत दिसतं. १९०७ च्या मजुराशी त्याची तुलना करणं अन्यायाचं होईल, त्याला कायद्याचं बरंच संरक्षण आहे. तरी त्याच्या आयुष्यातली अनिश्चितता त्या जुन्या ढिगावरच्या मजुरीची आठवण करून देते, हे नाकारता येत नाही.

शेतीकडे वळून त्याला आधार मिळेल असंही नाही. धानाचा हमीभाव २०२२-२३ मध्ये क्विंटलला २,०४० रुपये होता. आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेलं तरी बारदाना नसणं, गोदाम भरलेलं असणं आणि चुकारे महिनोन्‌महिने अडकणं हे भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सवयीचं झालं आहे. धान विकलं आहे, पैसे येणार आहेत, पण कधी ते माहीत नाही. तेवढ्यात मुलाच्या प्रवेशाची शेवटची तारीख निघून जाते.

म्हणून आज इथली शिकलेली मुलं बाहेर पडतात. नागपूर, पुणे, हैदराबाद. कोणी कंपनीत अभियंता, कोणी गोदामात पार्सल भरणारा. एकाच वर्गात शिकलेले दोघं कुठे पोहोचतात हे बहुतेक वेळा त्यांच्या बापाचा पगार कसा होता यावरून ठरतं, हे शिक्षकांना चांगलं माहीत आहे. कायम कामगाराचा मुलगा नागपूरला शिकवणीच्या वर्गाला दोन वर्षं खोली घेऊन राहू शकतो. कंत्राटी कामगाराचा मुलगा त्याच्याहून हुशार असला तरी पहिल्या नोकरीला लागतो, कारण घर वाट पाहू शकत नाही.

यावर करण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी साधनंही आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने खाण असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. खाणीच्या स्वामित्वधनाबरोबर ठराविक वाटा त्यात जमा होतो आणि तो खाणबाधित गावांसाठीच वापरायचा असतो. चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग, नाकाडोंगरी या गावांच्या ग्रामसभांनी त्या पैशाचा हिशेब मागायला हवा आणि कशावर खर्च व्हावा ते स्वतः सांगायला हवं. आमच्या मते पहिली मागणी रस्ते आणि सभामंडपांची नसावी. गोबरवाही, सिहोरा आणि नाकाडोंगरी परिसरातल्या मुलींसाठी तुमसरला वसतिगृह हवं, म्हणजे दहावीनंतर बसच्या वेळेपायी शाळा सुटणार नाही. कंत्राटी कामगारांच्या मुलांसाठी बारावीनंतरच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती हवी, आणि ती प्रवेशाच्या वेळी मिळायला हवी, वर्ष संपल्यावर नव्हे. कामगार संघटनांनी पुढच्या वेतन करारात कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी कंत्राट बदललं तरी अखंड राहील आणि पगार ७ तारखेच्या आत खात्यात जमा होईल, या दोन बाबी मुख्य मागण्यांत घ्याव्यात. या कामगारांच्या आजोबांना हे मिळवायला १९३६ पासून कित्येक वर्षं लागली. आता कायदा आहे, बँक खातं आहे, आणि मागणी करायला शिकलेली पिढीही गावात आहे.